माणसं फिरवण्याची नोकरी

पाचगणीत तुम्ही काय करत होता, असं कुणी विचारलं की मी "दवाखान्यात होतो" एवढंच सांगत आलो. खरं काम सांगितलं तर लोकांना थट्टा वाटते. मी माणसं फिरवायचो. हौशी पाहुणे नव्हे, ते काम घोडेवाल्यांचं. मी क्षयाच्या रोग्यांना चालायला न्यायचो आणि त्यांच्या मागून चालत त्यांचा श्वास ऐकायचो. त्यासाठी मला पगार होता, खाकी कोट होता आणि आरोग्यधामाच्या आवारात राहायला दोन खोल्या होत्या.

त्या नोकरीत मी एक खोटं बोललो. ते आता इथे लिहून टाकणार आहे. पण ती जागा आणि ते काम कळल्याशिवाय त्या खोट्याचं वजन कळायचं नाही, म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

वाईहून एसटी पसरणीचा घाट चढते. वर आलं की खिडकीतून येणारा वाराच वेगळा लागतो. पाचगणी हे मुळात गाव नव्हेच. दांडेघर, गोडवली, आमरळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या मधलं माळरान. इंग्रजांना महाबळेश्वर उन्हाळ्यात आवडायचं, पण पावसाळ्यात तिथं माणूस राहू शकत नाही. तिथून थोडं पूर्वेला सरकलं की पाऊस बराच उतरतो, हवा कोरडी होते. ते ओळखून कुणा गोऱ्या साहेबानं इथं घरं बांधायची टूम काढली, सिल्व्हर ओकची झाडं लावली. मागून पारशी आले, त्यांचे बंगले आले, साहेबी शाळा आल्या. आणि कोरडी हवा फुप्फुसांना मानवते असा बोलबाला झाल्यावर आजारी माणसं आली. गावाची खरी बरकत आजारी माणसांनी केली. गाव हे कबूल करत नाही.

क्षय हा शब्द तर तिथं कुणी उच्चारायचं नाही. "हवा बदलायला आलेत," म्हणायचं. पण बाजारातल्या चहाच्या हॉटेलात एका खिळ्याला कान तुटलेला कप वेगळा टांगलेला असायचा, तो हवा बदलायला आलेल्यांसाठी. हॉटेलवाला विचारत नसे. माणूस कुठल्या रस्त्यानं आला ते बघून कप उचलायचा.

आमच्या आरोग्यधामाच्या जेवणघरात एक मोठं चित्र होतं. बर्फाचे डोंगर, त्यांच्या कुशीत एक गाव, आणि सगळ्या घरांना लांबच लांब सज्जे, सगळे उन्हाकडे तोंड करून. नवीन रोग्याला वाटायचं, कुठलं तरी देवस्थान असावं. ते फ्रान्समधलं गाव होतं. नाव मला कधी नीट म्हणता आलं नाही. आमचे डॉक्टर म्हातारे पारशी गृहस्थ होते, लग्न न केलेले. तरुणपणी शिकायला विलायतेला गेले आणि तिथं त्यांनाच क्षय झाला. तेव्हा ते त्या गावात राहून बरे झाले. त्या चित्राखाली उभं राहून ते सांगायचे, "हे बघ सदाशिव, इथे पयले नुसते गुराखी होते. उन्हाळ्यात गुरं वर, थंडीत खाली. मग कोणी बोलला की इथला ऊन चांगला. तर गुराख्यांच्या कुरणात दवाखाने झाले. गुराख्यांच्या पोरी नर्स झाल्या. आणि आता ठाऊक आहे काय? औषधं निघाली, पेशंट गेले, आणि लोक बर्फावर घसरायला येतात. मजा करायला!" हे सांगताना ते हसायचे, पण त्यांना ते आवडलेलं नव्हतं. आपल्या पाचगणीचं पुढं काय होणार तेच ते सांगत होते. हे मला फार उशिरा कळलं.

माणसं फिरवण्याची पद्धत त्यांनी तिथूनच आणली होती. रोगी आला की आधी नुसतं झोपणं, व्हरांड्यात, दरीकडे तोंड करून. ताप उतरला की चालणं. वाटेवर डॉक्टरांनी बाक टाकून घेतले होते. पहिला फाटकाशी, दुसरा वळणावर, तिसरा चढाच्या मध्यावर, चौथा बाजाराच्या तोंडाशी. एका बाकापर्यंत दम न लागता जमलं, परत येऊन थर्मामीटर चढला नाही, की पुढचा बाक. सगळ्यात शेवटी टेबललँड, म्हणजे गावाच्या डोक्यावरचं ते सपाट पठार. तिथं न थांबता चढून जो बोलत बोलत खाली आला तो बरा. एक्स-रे, थुंकीची तपासणी हे सगळं होतंच, पण डॉक्टर टेबललँड चढल्याशिवाय कुणाला घरी सोडत नसत.

माझं काम मागून चालायचं. पुढं चाललं तर रोगी आपल्याशी शर्यत लावतो. मागून चालायचं आणि गप्पा मारायच्या. घरी कोण कोण, ऊस कुठवर आलाय, पोरीचं जमलं का. उत्तरं आखूड व्हायला लागली की समजायचं, फुप्फुस आखूड पडतंय. डॉक्टर मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "पेशंट जिभेने खोटं बोलेल. फुप्फुसाने नाय बोलणार. तू कान दे." माझा कान चांगला निघाला. पुढं पुढं तर डॉक्टर आपल्या नळीपेक्षा माझ्यावर विसंबायचे. मला त्याचा अभिमान होता. अजूनही थोडा आहे, तेच वाईट.

लोक काय काय युक्त्या करायचे! बुटाची नाडी बांधायला वाकायचे. खडा गेला म्हणून चप्पल काढायचे. कोरेगावकडचे एक सुभेदार होते, पेन्शनीत निघालेले. पहिल्या दिवशीच मला म्हणाले, "आवं सदाभाऊ, म्या बर्फात बंदूक घिऊन चढलोय. ह्ये टेकाड मला काय सांगता?" आणि तिसऱ्या बाकाच्या अलीकडं थबकून छाती धरून म्हणाले, "त्यो बगा कमळगड! लय झ्याक दिसतोय न्हवं?"

"सुभेदारसाहेब, कमळगड तुमच्या पाठीमागं आहे."

थोडा वेळ नुसता श्वास. मग म्हणाले, "आसंल. गड काय, कुठनंबी झ्याकच."

साताऱ्याचे एक वकील होते, ते माझा निकाल कधी मान्यच करत नसत. "मी थांबलो ते विचार करायला थांबलो," म्हणायचे. मी म्हणायचो, "वरच्या कोर्टात जा." वरचं कोर्ट म्हणजे डॉक्टरांची खोली. तिथं त्यांचं अपील दर वेळी फेटाळलं जायचं.

आणि एक रिवाज होता. टेबललँड उतरून आलेल्या माणसाला मी थेट बाजारात न्यायचो आणि हॉटेलसमोर चारचौघांत त्याचा हात हातात घ्यायचो. एरवी रोग्याच्या हाताला कुणी हात लावत नसे. तो हात बघितला की हॉटेलवाला चांगल्या कपात चहा आणायचा. पुष्कळांना तो चहा पिता यायचा नाही. कप धरून नुसते बसायचे.

सत्तर साल उलटलं तशा आमच्या खाटा रिकाम्या व्हायला लागल्या. गोळ्या-इंजेक्शनं मिरजेला मिळत, साताऱ्याला मिळत. लोक घरी राहून बरे व्हायला लागले. चांगलीच गोष्ट होती ती. पण ज्यांचं पोट रोग्यांवर, त्यांना चांगली गोष्ट लगेच चांगली वाटत नाही. दोन्ही बाजूंचे बंगले शाळांनी घेतले. आमची संस्था चालवणारे ट्रस्टी मुंबईला असत. ते एकदा बघायला येणार आणि आरोग्यधाम ठेवायचं की मोडायचं ते ठरवणार, अशी बातमी आली.

मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं. माणूस वाईट नव्हता. त्यालाही बायकामुलं होती.

"सदाशिव, ते येतील तेव्हा व्हरांडा भरलेला दिसला पाहिजे. तोवर कुणाला वर नेऊ नकोस."

"आणि एखादा बरा झाला असेल तर?"

"बरा झालेला माणूस चार दिवस जास्त राहिला म्हणून मरत नाही."

"डॉक्टर विचारतील."

"डॉक्टर तुझ्या कानाचं ऐकतात," ते म्हणाले आणि पुढ्यातल्या कागदांकडं वळले.

मी हो म्हटलं नाही. नाही असंही म्हटलं नाही. माझ्या बऱ्याच गोष्टी अशाच झाल्यात.

त्या वेळी आमच्याकडे दस्तगीर होता. मिरजेचा, तंबोरे करणाऱ्या घरातला थोरला मुलगा, तिशीच्या आतबाहेर. दुकानात खोकणारा माणूस बसला की गिऱ्हाईक पायरी चढत नाही, म्हणून घरच्यांनी त्याला वर पाठवलेलं. औषधं चांगली लागू पडली होती, अंग भरत होतं. बोलायला गोड. बाकावर बसला की बोटांनी फळी वाजवायचा आणि सांगायचा, "ह्यो बाक आंब्याचा, त्यो फणसाचा. आंब्याला पाणी लागलंय, सदाभाऊ, ह्या पावसात जाणार." आणि खरोखर तो बाक गेला.

त्यानंच मला जवारी म्हणजे काय ते सांगितलं. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर एक घोडी असते, तिच्यावरून तारा जातात. घोडीचा माथा कानशीनं असा घासायचा, की तार तिच्यावर पुरी टेकताही कामा नये आणि सुटताही कामा नये. मग खाली सुताचा एक धागा सारायचा. जमलं तर आवाज उमलतो, नाही जमलं तर तंबोरा मुका. "भोपळा कोनबी बसवंल, दांडी बसवंल, रंग चढवंल," तो म्हणाला. "जवारी सगळ्यात शेवटी शिकवत्यात आमच्यात, आन् ती थोरल्याला. अब्बांनी सुरुवात केली आन् मला खोकला लागला."

"कशी शिकवतात?"

"मी घासायचं. अब्बा डोळे मिटून बसत्यात. बरोबर आलं की 'हूं' म्हनायचं, चुकलं की 'उंहूं', आन् कुठं चुकलं त्ये सांगायचं. बास. ह्ये काय पुस्तकात येत न्हाई."

आमचं जमायचं ते कानामुळंच. तो मला म्हणायचा, "तुमचा कान पक्का हाय, सदाभाऊ. आमच्यात आला असता तर अब्बांनी तुमास्नी बसवून घेतलं असतं."

एके दिवशी त्याचा धाकटा भाऊ शमशू भेटायला आला. फाटकाजवळच्या बाकावर दोघं बसले होते, मी बाजूला उभा. शमशू म्हणाला, "भाई, अब्बांचा हात थरथरायलाय. म्हनत्यात, हाताचं काय न्हाई, कान हाय तंवर दस्तगीरला आणा. कवा सोडनार तुला?"

दस्तगीरनं माझ्याकडं बघितलं. "ह्ये सदाभाऊ वर नेतील तवा."

तो त्या दिवशी तयार होता. मला ठाऊक होतं. चौथ्या बाकापर्यंत तो गुणगुणत यायचा, आणि गुणगुणणाऱ्याच्या फुप्फुसाला दुसरी परीक्षा लागत नाही.

दुपारी डॉक्टरांनी विचारलं, "तो मिरजवाला? टेबललँडला नेतो ना?"

मी म्हणालो, "तिसऱ्या बाकाशी अजून दम भरतो, साहेब."

डॉक्टरांनी मान हलवली. दुसरं काही विचारलं नाही. त्यांना विचारायचं कारणच नव्हतं.

इथवरचं खोटं डॉक्टरांशी होतं. पण दुसऱ्या दिवशी दस्तगीरनं विचारलं, वर कधी न्यायचं, आणि मला त्याच्याशीही तेच बोलावं लागलं.

"दम लागतोय तुला चढावर."

तो थांबला. "मला तर काय कळंना."

"चालणाऱ्याला कळत नाही. मागून ऐकू येतं."

त्यानं वाद घातला असता तर बरं झालं असतं. वकीलसाहेबांसारखा भांडला असता तर मी कदाचित ढासळलो असतो. पण तो म्हणाला, "आसंल मग. तुमी ऐकताय म्हंजे हायच."

त्या दिवसापासून तो गुणगुणायचा बंद झाला. चालता चालता मान जराशी कलती करून स्वतःचा श्वास ऐकत राहायचा. तिसरा बाक आला की आपणहून बसायचा. काही दिवसांनी त्याला तिथं खरंच धाप लागायला लागली. मी मागं उभा राहून ऐकायचो. ती धाप फुप्फुसाची नव्हती, ती मी घातलेली होती.

ट्रस्टींचं येणं चार वेळा पुढं ढकललं गेलं. शेवटी ते आले. व्हरांड्यातल्या पलंगपोसांना इस्त्री केलेली, रोगी दरीकडे तोंड करून झोपलेले. एका ट्रस्टीनं दस्तगीरपाशी थांबून विचारलं, "कसं वाटतंय?"

"बरं हाय साहेब. फकस्त दम लागतोय अजून," दस्तगीर म्हणाला. कुणी न पढवता.

ते गेल्यावर त्याच आठवड्यात मी त्याला टेबललँडवर नेलं. पायथ्याशी म्हणालो, "आज बोलत बोलत जाऊ." तो भीत भीत चढला आणि वर पोचला तेव्हा त्याचा श्वास माझ्याइतकाच शांत होता. वर वारा होता. खाली कृष्णेच्या खोऱ्यात धोमच्या धरणाचं काम चाललं होतं, यंत्रांची धूळ दिसत होती. दस्तगीर पठाराच्या कडेला उभा राहून म्हणाला, "इथं आवाज कशावरच आदळत न्हाई." बाजारात मी त्याचा हात हातात घेतला. हॉटेलवाल्यानं चांगला कप आणला. दस्तगीरनं चहा घेतला, मलाच पिववला नाही.

पावसाळा सरल्यावर तो फोटो काढून घ्यायला आला, म्हणजे छातीचा. फाटकाजवळच्या बाकावर बसून त्यानं सांगितलं. तो घरी पोचला त्याच्या थोडंच आधी अब्बांना लकवा झाला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. कान मात्र शाबूत. "रोज माझ्या म्होरं बसवतो त्यांना," तो म्हणाला. "मी घासतो, तार छेडतो. ते मान हलवत्यात. न्हाई म्हनून. पर कुठं चुकलं त्ये सांगता येत न्हाई त्यांना. त्यांच्या डोळ्यांला पाणी येतंय, माझ्याबी."

मी म्हणालो, "होईल हळूहळू." बाकीचं सगळं आत ठेवलं. आणखी काही महिन्यांनी अब्बा गेल्याचं कळलं.

आमचं आरोग्यधाम त्यानंतर फार टिकलं नाही. त्या भरलेल्या व्हरांड्याचा काही उपयोग झाला नाही. इमारत एका शाळेनं वसतिगृहाला घेतली आणि मला त्यांनी तिथंच ठेवून घेतलं, पोरांवर देखरेखीला. डॉक्टर मुंबईला गेले, जाताना ते चित्र तिथंच सोडून गेले. पोरं विचारायची, हे कुठलं हिल स्टेशन?

खोटं बोललो ते एकच. गप्प बसणं मात्र कितीतरी वर्षं चाललं होतं. गेल्या हिवाळ्यात बायकोच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मिरजेला गेलो होतो. ती दवाखान्यात झोपलेली असताना विचारत विचारत तंबोरेवाल्यांच्या गल्लीत गेलो. लाखेचा वास, पायऱ्यांवर वाळत घातलेले भोपळे. दस्तगीर आता पिकला आहे. कानाला चष्म्याच्या दोऱ्या. मला बघून उठलाच.

"आवं सदाभाऊ! नेहमी मागनं येनारा मानूस आज म्होरनं कसा आलासा?"

चहा आला. चांगल्या कपात. माझ्यासमोर एक गिऱ्हाईक आलं, नवा तंबोरा छेडून बघितला, वा वा म्हणालं आणि तंबोऱ्यावर घालायची गवसणी घेऊन येतो सांगून गेलं. मलाही तो आवाज फार सुरेख वाटला, तसं मी म्हटलं.

"वाटतोय ना? समद्यांला वाटतोय," दस्तगीर म्हणाला. "मला न्हाई वाटत. मला वाटतंय, येका तारंवर आवाज बसतोय. पर माझ्या कानाचं काय खरं न्हाई, सदाभाऊ. ज्या मानसाला सोताचा दम कळला न्हाई, त्याला तार काय कळनार? म्हनून मी गिऱ्हाइकाच्या 'वा'वर थांबतो."

ते ऐकलं आणि मी ज्यासाठी आलो होतो ते बोललो. मॅनेजर, ट्रस्टी, व्हरांडा, तिसरा बाक, सगळं. मला वाटत होतं मी अब्बांबद्दल माफी मागायला आलोय. बोलता बोलता कळलं, की मी त्याच्याकडून घेतलेलं त्याहून मोठं होतं आणि ते अजून माझ्याकडंच होतं.

तो हातातल्या फडक्याची घडी घालत राहिला. मग विचारलं, "म्हंजे तवा मला दम लागत नव्हता?"

"नव्हता."

"येकदाबी?"

"एकदाही नाही. तुला जे ऐकू येत होतं तेच खरं होतं."

"माझ्या बापानं वाट बघितली, सदाभाऊ."

"हो."

यापुढं तो मला काय म्हणेल त्याची मी तयारी करून आलो होतो. त्यातलं तो काही म्हणाला नाही. माफ केलं असंही म्हणाला नाही, ते मी इथे उगाच लिहिणार नाही. तो उठला, शिडी लावली आणि माळ्यावर चढला. चढताना मी सवयीनं कान दिला. श्वास स्वच्छ होता. खाली आला तो एक जुनी कानस घेऊन, मूठ झिजून काळी झालेली. अब्बांची असणार. गिऱ्हाइकानं पसंत केलेला तो तंबोरा त्यानं मांडीवर घेतला, खुंट्या ढिल्या केल्या, तारा उतरवल्या आणि घोडीवर कानस फिरवली. हलकीशी. पुन्हा तार चढवली, छेडली, मान कलती केली.

"काय फरक पडला का—" मी विचारायला गेलो.

"गप बसा जरा," तो म्हणाला. माझ्याकडं न बघता. "मला ऐकू द्या."

 त्यानं पुन्हा तार उतरवली, पुन्हा घासलं, पुन्हा छेडली. मला सगळे आवाज सारखेच वाटत होते. बाहेर गिऱ्हाईक गवसणी घेऊन येऊन उभं राहिलं, तर दस्तगीरनं हातानंच त्याला थांबायला सांगितलं. आणि मग एका आवाजाला, डोळे मिटून, तो अगदी हळू म्हणाला, "हूं."